सटवा पखालजी वर आला का?

"बाई, सातवा भाग आला का?"

"नाही."

"पत्र धाडलं व्हतं न्हवं?"

"तीन धाडली. एकाचंही उत्तर नाही."

"मंग आता कसं?" व्यंकटीनं हातातली पिशवी बाकाखाली सरकवली. आतले पान्हे एकमेकांवर आपटले आणि वर्तमानपत्र वाचत बसलेल्या दोन पेन्शनरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आवाज मीच केला. "तो गडी अजून हिरीतच हाय, बाई. त्याला वर कोन काढलं, येवढंच सांगा. बाकीचं राहू द्या."

मी कुठून सांगणार? मीही सहाच भाग वाचले होते. आणि खरं सांगायचं तर तो गडी विहिरीत राहिलाय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणून आमच्या वाचनालयालाही दोन खोल्या, तेरा कपाटं आणि एक पाटी मिळाली. पाटीखाली मी, सहायक ग्रंथपाल सिंधु सोनकांबळे. सहायक कुणाची, ते मला आजवर कळलेलं नाही, कारण ग्रंथपालांची जागा भरलीच नव्हती. झाडलोट धरून सगळं मीच बघायचे.

पुस्तकं आली ती जुन्या जिल्ह्यातून, वाटणीत. वाटणी कपाटं मोजून झाली. भिंतीच्या इकडची तुम्हाला, तिकडची आम्हाला. 'दुभंगगड' नावाच्या अद्भुत कादंबरीचे सात भाग होते. दोन भावांची राज्यं, त्यांचं वीस वर्षं चाललेलं युद्ध, मंत्र, उडते घोडे, बोलणारे बुरूज, असा सगळा मामला. पण ज्या दिवशी ट्रक भरला, त्या दिवशी सातवा भाग कुण्या वाचकाच्या घरी होता. सहा भाग लातूरला आले आणि शेवटचा परत आला तो तिथल्याच कपाटात जाऊन बसला. आता तो मिळवायचा तर पत्र, मग मंजुरी, मग पुन्हा पत्र.

व्यंकटीचंही जवळपास तसंच झालं होतं. तो मुरुडचा. अकरा वर्षं सरकारी हापसे दुरुस्त करत होता. वाटणीत माणसांच्या याद्या झाल्या तेव्हा जुन्या जिल्ह्यानं त्याचं नाव काढलं, कारण मुरुड लातूरकडे गेलं. लातूरनं घातलं नाही, कारण त्याचं सेवापुस्तक पोचलं नाही. दर सोमवारी तो आमच्या समोरच्या पाण्याच्या ऑफिसात विचारायला यायचा. तिथले हेडक्लार्क किशनराव म्हणायचे, "साहेब मीटिंगला गेलेत, बसा." ऑफिसात बसायला बाक नव्हता. आमच्याकडे होता. असा तो वाचक झाला.

पहिला भाग त्यानं हातात घेतला तो वारा घालायला. आठ महिन्यांत सहा भाग संपवले. सातवी शिकलेला माणूस, ओळीवर बोट ठेवून वाचायचा, पण एक अक्षर सोडायचा नाही. मी मात्र लढाया आल्या की चार-चार पानं उलटणारी. त्यामुळेच सटवा माझ्या हातून निसटला.

सटवा पखालजी हा या कादंबरीतला पाणी वाहणारा. पाठीवर कातडी पखाल, सैन्य जाईल तिकडे हा मागे. सहाव्या भागात शत्रूचा मांत्रिक गडाखालचे सगळे झरे आटवतो. एका जुन्या विहिरीतला गाळ काढायला सटव्याला दोराला बांधून खाली सोडतात. पाणी लागतं. घागरी वर येतात, सैन्य पाणी पितं. तेवढ्यात शिंग वाजतं, दोर धरलेले चौघे दोर टाकून लढायला पळतात आणि प्रकरण संपतं. पुढच्या प्रकरणात गड पडतो. सटव्याचं नाव पुन्हा येत नाही.

"पान एकशे अठ्ठ्याऐंशी," व्यंकटी म्हणाला. "तिथून म्होरं ऐंशी पानं हायत. कुनी इचारलं बी न्हाई त्याला."

"अहो, ही कादंबरी आहे. मनानं रचलेली."

"ठावं हाय की. राजा बी मनानंच रचला. त्याला गादीवर बसवाया इसरलं का कुनी?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

व्यंकटीनं मग बाकावर बसून मला दोर धरायचं शास्त्र सांगितलं. हापसे यायच्या आधी तो विहिरी खोदायच्या टोळीत होता. माणूस खाली असला की दोर धरणाऱ्यानं बिडी ओढायची नाही, गप्पा मारायच्या नाहीत, पाहुणा आला तरी मान वळवायची नाही. साप निघाला तरी दोर आधी आणि साप मागून. "येकदा मुकादमाच्या घरून सांगावा आला, तुमचा बाप गेला म्हनून. दोर मुकादमाच्याच हाती व्हता. रडला तिथंच हुभा राहून. मी वर आल्याबिगर हलला न्हाई." असं सांगून त्यानं सहाव्या भागावर बोट टेकवलं. "आन् हे चौघं शिंग वाजलं म्हनून पळाले, आन् लेखक बी त्यांच्यामागंच पळाला."

त्याच सोमवारी किशनरावांनी त्याला सांगितलं की सेवापुस्तकाची चौकशी तुम्हीच तिकडे जाऊन करा. मी संधी साधली. 'श्री. व्यंकटी यांजजवळ सातवा भाग द्यावा' असं वाचनालयाच्या कागदावर लिहिलं, सही केली आणि 'ग्रंथपालांकरिता' असा शिक्का ठोकला. असा अधिकार मला होता का, ते मी नियमांत पाहिलं नाही.

गुरुवारी दुपारी तो परतला. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं.

"मिळालं?"

"मिळालं."

"सेवापुस्तक?"

"ते न्हवं. ह्ये." टॉवेल सोडला तर आत सातवा भाग. "सेवापुस्तक म्हनं तिकडून कवाच धाडलं. जावक क्रमांक बी दावला. धाडलंय हे खरं, पोचलं न्हाई हे बी खरं. मंग मधी कुटं गेलं, ते ठावं न्हाई."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते, पण तो बाकावर जाऊन बसलासुद्धा. बोट पहिल्या ओळीवर.

त्या दिवशी पाण्याचा टँकर चौकात आला, त्याच्यामागे अख्खी गल्ली धावली, पेन्शनरसुद्धा वर्तमानपत्र टाकून गेले. व्यंकटी हलला नाही. शुक्रवारी सकाळी मी कुलूप काढायला आले तर पायरीवर हजर. मी पुस्तक दिलं. मला स्वतःला हसू येईल इतकी उत्सुकता लागली होती. दर अर्ध्या तासानं मी काही ना काही निमित्त काढून बाकाजवळ जायचे.

"कुठवर आलं?"

"धाकट्या भावाचा घोडा पडला."

"आणि तो?"

"अजून न्हाई."

दुपारी तो म्हणाला, "लढाई सरली." तीनच्या सुमाराला म्हणाला, "दोगं भाऊ गळ्यात पडून रडले." चारला राज्याभिषेक सुरू झाला. सात नद्यांचं पाणी आणलं म्हणे. तेव्हा व्यंकटीचं बोट जरा थांबलं, मला वाटलं आता येणार. पाणी कुणी आणलं ते लेखकानं लिहिलं नव्हतं.

साडेपाचला त्यानं पुस्तक मिटलं. मागचं कोरं पान उलटून पाहिलं, पुठ्ठ्याची आतली बाजू पाहिली. मग पुस्तक माझ्यासमोर ठेवून उभा राहिला.

"न्हाई, बाई. सगळ्यांचं झालं. घोड्यांचं बी झालं. त्याचं न्हाई."

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली, कारण त्या चौघांसारखीच मीही त्या पानावरून पुढे पळाले होते. मी म्हटलं, "आपण लेखकांना विचारू या."

व्यंकटीला ही गोष्ट फार सोपी वाटली. दोन वर्षं तो अर्जच लिहीत होता. त्यानं कागद मागितला आणि एका दमात लिहून काढलं. ते मी जसंच्या तसं सांगते: 'विषय: सटवा पखालजी यास विहिरीतून वर काढणेबाबत. महोदय, वरील विषयी विनंती की, आपल्या सहाव्या भागात सदर इसम पान १८८ वर खाली सोडलेला असून तो सातव्या भागाअखेर वर आल्याचे दिसून येत नाही. तरी तो वर आला किंवा कसे, हे कळवावे.' खाली सही आणि हुद्दा, 'हापसे मेकॅनिक'. हुद्द्यापाशी त्याचा हात जरा घुटमळला, पण त्यानं लिहिलं.

महिन्यानं कार्ड आलं. लेखक म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, अक्षर मोत्यासारखं. 'आपण म्हणता तो पखालजी कोण, हे लक्षात येत नाही. सहावा भाग माझ्याजवळ उरलेला नाही. प्रसंग उतरवून पाठवल्यास बरे होईल.' व्यंकटीनं अडीच पानं उतरवून पाठवली. शेवटी 'स्मरणपत्र क्र. १' असंही लिहिलं.

दुसऱ्या कार्डाला आणखी सहा आठवडे लागले. तोवर उन्हाळा कडक झाला होता. मांजरा नदी कोरडी, पेठेतल्या हॉटेलांनी पाण्याचे पेले ठेवणं बंद केलं होतं आणि गावोगावचे लोक व्यंकटीला शोधत थेट वाचनालयात येत. हापसा बंद पडला की गावाला याद्यांशी काय देणंघेणं? तोही पिशवी उचलून जायचा. हजेरी कुठंच लागत नव्हती.

कार्ड मी त्याला वाचून दाखवलं. 'आपले म्हणणे खरे आहे. तो माझ्याकडून राहून गेला. इतकी माणसे सांभाळताना असे होते. क्षमा असावी. पुढील आवृत्तीत अवश्य वर काढू.'

मला आनंद झाला. मी म्हटलं, "बघा, कबूल केलं की त्यांनी!"

"भला मानूस हाय," व्यंकटी म्हणाला. कार्ड त्यानं उलटसुलट पाहिलं. "पुढली आवृत्ती कवा?"

"पहिलीच अजून खपायची असेल. सांगता येत नाही."

"आन् तवर त्यानं काय करावं?"

त्याच आठवड्यात किशनरावांनी त्याला बोलावलं. तोडगा निघाला होता. नवा माणूस म्हणून आजपासून रुजू व्हायचं, मागच्या सेवेच्या रकान्यात 'निरंक' लिहायचं. किशनराव वाईट माणूस नव्हते. मनापासून म्हणाले असणार, की व्यंकटराव, मागचं सोडा, पुढचं तरी पदरात पडेल. व्यंकटी फॉर्म घेऊन माझ्याकडे आला, बाकावर बसला आणि त्या रकान्याकडे बघत राहिला.

"भरा," मी म्हटलं. "घरचा तरी विचार करा."

"भरीन की. पर निरंक कसं लिहू, बाई? ह्या अकरा वर्सांत दोनशे गावं पानी पेली. त्यांनी काय सपनात पेलं?"

त्यानं फॉर्म भरला. नाव, गाव, शिक्षण, सगळं. तो एक रकाना कोरा ठेवला आणि तसाच देऊन आला. कोरा रकाना चालत नाही म्हणून फॉर्म परत आला. त्यानं पुन्हा तसाच दिला. हे प्रकरण त्यापुढे कितीतरी महिने रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला जात राहिलं.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी फिरती ग्रंथपेटी घेऊन शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका वाडीला गेले होते. शाळेत पेटी उतरवली तर माणूसच नाही. सगळे हापशापाशी. व्यंकटीनं पाइप उपसायला काढले होते. दोन बाप्ये चिमट्यासारखी कळ लावून ओढत होते, एकेक पाइप वर येत होता आणि चाळीसेक बाया घागरी घेऊन गोल बसल्या होत्या. पाणी यायला अजून दोन तास तरी होते. त्या दोन तासांत व्यंकटीचं तोंड चालू होतं. हात पाइपावर, तोंडात 'दुभंगगड'. भर दुष्काळात या वाडीत उडते घोडे उतरले होते.

मी मागे उभी राहिले. सहाव्या भागातली विहीर आली होती. पाणी लागलं, घागरी वर आल्या, शिंग वाजलं, चौघे पळाले.

पुढे बसलेली गुरम्मा नावाची म्हातारी होती. तिची घागर सगळ्यांत पुढे. ती म्हणाली, "आन् त्यो?"

"त्यो खालीच हाय, मावशे."

"पुस्तकात म्होरं काय लिवलंय?"

"काय बी न्हाई. लेखकाला कळवलंय. पुढल्या येळेला काढतो म्हनलाय."

मला वाटलं, आता तरी हा काहीतरी जोडून देईल. कुणीतरी वाटसरू आला, दोर ओढला, सटवा वर आला. एवढं सांगायला काय जातं? चाळीस बाया खूश झाल्या असत्या. पण व्यंकटीनं तसं केलं नाही.

म्हातारी चिडली. "पुढल्या येळेला म्हंजी? मानूस खाली हाय का गाडगं? आन् तवर दोर कोन धरलंय त्याचा?"

व्यंकटीनं पाइपाचे आटे सोडवले. चेहरा तेलानं आणि घामानं माखलेला होता. कपाळ बाहीला पुसून त्यानं म्हातारीकडे सरळ पाहिलं.

"म्या धरलाय की," तो म्हणाला आणि दुसऱ्या पाइपाला हात घातला.