अर्जुनरावाचा माणूस

लोखंडी गजाचा पहिला फटका गुडघ्यावर बसला तेव्हा याकोबला आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. वाळूचा टिप्पर नदीच्या उतारावर तसाच सुरू होता. मारणारा गहिनीनाथ, दुसऱ्या ठेकेदाराचा पोसलेला गडी. "आता चालून दाखव बे," म्हणत त्यानं दुसऱ्या पायाची नडगी फोडली आणि साथीदारांसकट निघून गेला.

याकोब तरी कुठं वेगळा होता? वडवणीकडं त्याच्या मालकाची, ठेकेदार अर्जुनरावाची वाळू अडवायची कुणाची छाती नव्हती, ती याकोबच्याच दहशतीनं. टिप्परला आडव्या आलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचं मनगट त्यानं असंच काटकीसारखं मोडलं होतं. घर आज्यापासून ख्रिस्ती, पण याकोबचा येशूशी संबंध नाताळातल्या नव्या शर्टापुरता.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात पायांत सळया घातल्या आणि पावसाळा सरेपर्यंत खाट सोडायची नाही असं बजावून घरी धाडलं. ज्याला जेवायलाही बूड टेकवत नसे, त्याला आता बायकोनं भांडं लावल्याशिवाय लघवीही होईना. अंजू त्याचं सगळं करायची. दिवेलागणीला खाटेपाशी बसून प्रार्थना म्हणायची. अपराध्यांना क्षमा करायचे शब्द आले की याकोब तोंड भिंतीकडं वळवायचा.

एकदा त्यानं स्वतःचंच मागणं घातलं. "प्रभू, मला उठीव. गहिनीनाथाचं डोस्कं फोडू दे, मग हवं तर मला ने."

"देव काय अर्जुनरावाचा माणूस हाय, तुमच्या सुपाऱ्या घ्यायला?" अंजू म्हणाली.

हाताशी तांब्या होता. याकोबनं तो फेकून मारला. तिचं कपाळ फुटलं, भुवईवरून रक्त गालावर आलं. अंजूनं पदरानं ते दाबलं, आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पायाची भिजलेली पट्टी सोडायला घेतली.

मारून झालं की टिप्परवर चढून निघून जायची याकोबची रीत. आपल्या हातानं काय झालं ते बघत पडून राहायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. पळायला पाय नव्हते. त्या म्हाताऱ्या मेंढपाळाचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. याकोब हमसून रडला. "प्रभू, मी लई वंगाळ हाय," एवढंच त्याला बोलता आलं. त्या दिवसापासून तो अंजूबरोबर प्रार्थना म्हणू लागला. क्षमेपाशी अडखळायचा, पण तोंड वळवत नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर तो वॉकर धरून अंगणात उभा राहू लागला. एका दुपारी अर्जुनरावाची जीप दारात थांबली. सोबतच्या पोरांनी हातपाय बांधलेला गहिनीनाथ खाली ढकलला. त्याचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. अर्जुनरावानं याकोबच्या हातात गज दिला.

"घे. दोनी गुडघे तुझे."

याकोबचा हात गजावर आवळला. क्षणभर त्याला तो वजनदार, ओळखीचा वाटला. मग त्यानं गज कुंपणापलीकडं भिरकावला.

"मालक, सोडा त्याला. मला हे आता न्हाई जमायचं."

"कावून बे? पायासंगं जिगर बी मोडली का?" अर्जुनराव हसला आणि पोरांना म्हणाला, "तुमी फोडा."

काठी उगारली गेली तसा याकोब वॉकर सोडून गहिनीनाथावर आडवा पडला. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड कडकन मोडलं. दुसरा पाठीत. तो उठला नाही. अंजूच्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली, कुणी मोबाईल काढून चित्रण सुरू केलं, तेव्हा जीप धुरळा उडवत पळाली.

अंजूनं विळीनं दोर कापला. गहिनीनाथ पाणी प्याला, याकोबकडं वळला. "तुला येड लागलंय," म्हणाला आणि लंगडत निघून गेला.

याकोब पुन्हा खाटेला खिळला. ठाण्याचा हवालदार आला, तेव्हा त्यानं अर्जुनरावाचं नाव सांगितलं. त्यानंतर, न विचारता, मेंढपाळाचं मनगट आपणच मोडल्याचंही.