सात नंबरचं जेवण

दानेश्वरीला मी बजावलं होतं, मेसला हात लावू नको. एकदा गोडीत सांगितलं, मग वाट्टेल तसं बोलून सांगितलं. तरी बाईसाहेबांनी करायचं ते केलंच. आता मला म्हणते, "अगं दीक्षा, माझ्या मनात तसलं काय नव्हतं." नव्हतं तर नव्हतं! तिच्या मनात काय होतं ते घेऊन मी काय करू? त्यात मला राहायला जागा मिळणार हाय काय?

झालं असं. आम्ही दोघी विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. कृष्णात सरांनी जोडीजोडीनं निबंध लिहायला दिला. विषय, बिग डेटा आणि खाजगीपणा. आधी आराखडा वर्गात मांडायचा, तो पसंत पडला तरच पुढं लिहायचं. सर म्हणजे तोंडाला लगाम नसलेला माणूस. पहिल्याच तासाला म्हणाले, "परदेशातल्या कंपन्यांची उदाहरणं आणलीसा तर कागद फाडून हातात देईन. तुमच्या रोजच्या जगण्यातलं काय असंल ते आणा." दानेश्वरी आणि मी एकाच खोलीत राहायचो, म्हणून आमची जोडी आपोआप जमली.

खोली रत्नव्वाची. रत्नव्वा ही दानेश्वरीची चिगव्वा, म्हणजे सख्खी मावशी. सीमेकडची माणसं आईच्या धाकट्या बहिणीला चिगव्वा म्हणत्यात. वर पोरींच्या खोल्या, खाली मेस. बाई तोंडानं तिखट, पण हातानं सढळ. ताटात भाकरी नुसती ठेवायची न्हाय, तळहातानं दाबून ठेवायची. "खा की गं, काडी झालीयास," म्हणायची. मला ती आवडायची. खोटं कशाला बोलू, लई आवडायची. त्याचाच तर जास्त राग येतोय.

तिच्याकडं येण्याआधी मी दोन घरं बघितली होती. पहिल्या घरात चहा दिला, गोड बोलले, आणि मग विचारलं, "कुलदैवत कुठलं तुमचं?" मी खरं ते सांगितलं, आम्ही बौद्ध. तर खोली नेमकी सकाळीच भाड्यानं गेलेली निघाली! दुसरीकडं तर चहाबी न्हाय. रत्नव्वानं विचारलं, "आडनाव?" मी म्हटलं, पवार. "गाव?" म्हटलं, आजरा. एवढ्यावर तिनं मान हलवली आणि किल्ली हातात ठेवली. पवार म्हटल्यावर तिनं मनात जे धरलं ते तिचं तिनं धरलं. मी खोडलं न्हाय. माझे बाबा, नागसेन पवार, आजऱ्यात काजूच्या कारखान्यात कामाला. ते म्हणाले, "कुणी विचारलं तर छाती काढून सांग. न विचारता दवंडी पिटायची गरज न्हाय. आधी शिक पोरी."

मग मी खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला न्हाय. घरनं फोन आला की गच्चीवर जाऊन 'जय भीम' म्हणायची. वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता, आणि आजऱ्यासनं रोज ये-जा करायची म्हणजे निम्मा दिवस एस.टी.त. खोली गेली की एम.ए. गेलं, इतकं सरळ होतं. मला फक्त परीक्षेपर्यंत डोक्यावर छप्पर पाहिजे होतं. दुसरं काय मागत नव्हते मी कुणाकडं.

आराखड्यासाठी मी एक उदाहरण काढलं होतं. औषधाच्या दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागत्यात, आणि कुणाच्या घरात कसल्या गोळ्या जात्यात ते सगळं तिथं साठत राहतं. दानेश्वरीनं नाक मुरडलं.

"ह्यात काय दम न्हाय. अर्धा वर्ग हेच आणणार. आपल्याकडं आपला स्वतःचा डेटा हाय की."

"कसला?"

"मेसचा!"

आता मेसची रीत सांगायला पाहिजे. रत्नव्वाला अन्न वाया गेलेलं खपत न्हाय. एक भाकरी उरली तरी दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींचा उद्धार. म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर रोज सकाळी प्रश्न पडायचा, दुपारचं कोण जेवणार, रात्रीचं कोण जेवणार. नसंल जेवायचं तर 'नको'वर बोट दाबायचं. आम्ही सगळ्या इमानदारीत दाबायचो. अन्नाच्या बाबतीत त्या बाईला कोण फसवणार? आणि तो गट सांभाळायची दानेश्वरी.

"वर्षभराचं सगळं हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "नावं काढून टाकायची, प्रत्येकीला नंबर द्यायचा. मग नुसत्या जेवणावरनं माणूस ओळखता येतोय काय बघायचं. कंपन्या म्हणत्यात, आम्ही नावं काढतो, तुम्ही काळजी करू नका. आपण दाखवून द्यायचं की नावं काढून काय उपयोग न्हाय!"

मुद्दा एकदम बरोबर होता. म्हणूनच मला तो तिथंच थांबवायचा होता.

"नको," मी म्हटलं. "पोरींना विचारलं न्हाईस तू."

"नावं काढल्यावर विचारायचं कशाला?"

"अगं बाई, आत्ताच म्हणालीस की नावं काढून काय उपयोग न्हाय!"

"ते निबंधात गं," ती म्हणाली.

काय बोलायचं असल्या माणसाशी? मी तिला लई सुनावलं. अक्कल गहाण ठेवलीयास काय म्हटलं. तीबी कमी न्हाय. "तुला एवढी आग का लागलीय? जेवणात कसलं आलंय गुपित?" ह्याच्यावर मी गप्प बसले. दुसरं काय करणार? उत्तर दिलं तर सगळंच सांगितल्यासारखं झालं असतं. मी गप्प बसले ते तिनं 'व्हय' असं धरलं.

त्यानंतर एका संध्याकाळी सगळ्या पोरी खाली जेवायला बसलेल्या, आणि दानेश्वरी लॅपटॉप घेऊन आली. "ऐका गं सगळ्याजणी! आमच्या निबंधाची तालीम हाय. मी नंबर सांगते, तुम्ही माणूस ओळखायचं." मी डोळे वटारून तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाय.

"तीन नंबर. दर सोमवारी दुपारचं नको."

"तूच की गं दानेश्वरी, उपासवाली!" प्रीती ओरडली आणि सगळ्या खिदळल्या.

"अकरा नंबर. शनिवार-रविवार कायम नको."

"मी, मी!" परत प्रीतीच. ती हुपरीची, घरात चांदीच्या पैंजणांचं काम. "सुट्टी आली की मला घुंगरं जोडायला बसवत्यात घरी." रत्नव्वाबी भाकऱ्या थापता थापता हसत होती. पोरींना आता चेव आला. पुढचा नंबर सांग, पुढचा सांग.

"सात नंबर," दानेश्वरी म्हणाली. "दर पौर्णिमेला रात्रीचं नको."

मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

"नरसोबाच्या वाडीला जात असंल," एक म्हणाली.

"न्हाय गं, जोतिबाला."

"देवाधर्माची पोरगी दिसती," रत्नव्वा चुलीपासनं म्हणाली. "शिका जरा तिच्याकडनं. तुम्ही सगळ्या नुसत्या मोबाईलात तोंड घालून बसताय."

"थांबा, अजून हाय," दानेश्वरी म्हणाली. तिला मजा येत होती. पडद्याकडं बघत तिनं वाचलं, "सहा डिसेंबर, नको. चौदा एप्रिल, दोन्ही वेळचं नको..."

आणि वाचता वाचता तिला कळलं. शपथेवर सांगते, तिला तोवर खरंच कळलं नव्हतं. जेवणाच्या तक्त्यात रंगीत चौकोन भरण्यात एवढी गुंगलेली की तारखा तिनं तारखा म्हणून वाचल्याच नव्हत्या. तिनं पटकन लॅपटॉप मिटला. पण मिटून काय होतंय? चौदा एप्रिलला मेसमध्ये कोण नव्हतं, ते सगळ्यांना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी आजऱ्यासनं आईच्या हातच्या खिरीचा डबा आणला होता. घरात कार्यक्रम होता म्हणाले होते. सगळ्यांनी खाल्ली, आणि रत्नव्वानं तर वाटी परत पुढं केली होती.

प्रीती ताटात बघत बसली. रत्नव्वाचा हात तव्यावर थांबला तो थांबलाच, भाकरी करपल्याचा वास सुटला.

"कोण गं सात नंबर?" तिनं विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं! तिला कळलं होतं, तरी माझ्या तोंडनं वदवून घ्यायचं होतं.

आजारी होते म्हणता आलं असतं. मामाकडं गेलते म्हणता आलं असतं. पण माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढे दिवस स्वतःच्या आई-बापाशी बोलायला गच्चीवर जायचं, आणि वर ह्यांच्यापुढं आता आरोपीसारखं उभं राहायचं?

"मी हाय," मी म्हटलं. "दीक्षा नागसेन पवार. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला मी विहारात जाते, तिथंच जेवते. अजून काय विचारायचं हाय?"

"अगं, मी कुठं काय म्हणलो?" रत्नव्वा म्हणाली. तिनं भिंतीकडं बोट केलं. "तिथं बघ कुणाचा फोटो हाय. आम्ही बसवण्णांची माणसं. आमच्यात जातपात मानत न्हाईत."

असं म्हणाली, आणि माझ्या ताटात भाकरी वरनं टाकली. रोज तळहातानं दाबून ठेवणारी बाई! टाकली आणि हात झटक्यात मागं घेतला. मी ती भाकरी खाल्ली. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

सकाळी तिनं मला खाली बोलावलं.

"निपाणीस्नं माझी पुतणी येणार हाय शिकायला. खोली लागंल. पंधरवड्यात बघ तुझं कुठं ते."

"त्या खोलीत दानेश्वरीबी हाय. तिलाबी जायला सांगितलंय काय?"

"ती घरातली हाय."

"आणि पुतणीचं कवा ठरलं? काल जेवताना?"

"आवाज चढवू नको. मी वाईट माणूस न्हाय."

"मग कसलं माणूस हायसा तुम्ही, तेवढं सांगा की!"

तिनं माझ्याकडं पाठ केली आणि कट्टा पुसायला लागली. "बाहेरची चार माणसं जेवायला येत्यात इथं," ती कट्ट्याकडं बघत म्हणाली. "त्यांच्या मनाचं मला बघाय लागतंय. माझं एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी."

दानेश्वरी जिन्यात उभी होती. मी तिला म्हटलं, "बोल की आता! तुझ्यामुळं झालंय हे. एक शब्द तरी बोल." ती बोलली, न्हाय असं न्हाय. "चिगव्वा, राहू दे की तिला परीक्षेपर्यंत," असं काहीतरी पुटपुटली. रत्नव्वानं कन्नडमधनं तिला दोन वाक्यं सुनावली. मला कन्नड येत न्हाय, पण दानेश्वरी मान खाली घालून वर निघून गेली, तेवढं मला समजलं.

त्यानंतर मी तासांना गेलेच न्हाय. खोली शोधत फिरत होते. आता ठरवलं होतं, कुणी विचारायच्या आधी आपणच सांगायचं. दारातच सांगायची. त्यामुळं वेळ वाचायचा, दारं लवकर लागायची. बाबांना फोन करून सगळं सांगितलं. तर ते म्हणाले, "परत ये म्हणू काय गं?" त्यांच्या तोंडनं हे ऐकलं आणि मला रडू फुटलं. शिक शिक म्हणणारा माणूस तो.

काल दानेश्वरी मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठायला आली. धावतच आली. तोंडावर आनंद मावत नव्हता, आणि तो लपवायचा म्हणून तोंड उगाच लांब केलेलं.

"आराखडा पसंत पडला," ती म्हणाली. "मी एकटीनंच मांडला, पर नाव दोघींचं घातलंय. सर म्हणाले, असलं जिवंत उदाहरण आजवर कुणी आणलं न्हाय. एका पोरीचं राहतं घर गेलं, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे म्हणाले."

"तू त्यांना तेबी सांगितलंस?"

"नाव न्हाय सांगितलं! सात नंबर म्हणूनच सांगितलं. फक्त तुझी लेखी संमती लागंल म्हणाले, ते ह्या बाबतीत लई कडक हाईत." तिनं छापलेला कागद पुढं केला. "सगळीकडं सात नंबरच राहणार, बघ. तुझा खाजगीपणा आपण पूर्ण जपणार हाय."

मी कागद वाचला. सगळं नीटनेटकं लिहिलं होतं. सात नंबरला निवास सोडावा लागला, असं होतं. कुणी सोडायला लावलं, ते कुठंच नव्हतं.

"सात नंबर खोडून टाक," मी म्हटलं. "दीक्षा नागसेन पवार, राहणार आजरा, असं लिही. लपवून लपवून माझं काय भलं झालं? मी सही करते."

"खरंच?" तिचा चेहरा उजळला. "अगं, त्यानं तर निबंध अजून..."

"थांब. माझं नाव घातलंस की तिचंबी घालायचं. रत्नव्वाचं नाव, गल्ली, मेस, सगळं. खोली कुणी काढून घेतली ते कळू दे की वाचणाऱ्याला."

दानेश्वरीचा चेहरा पडला. ती माझ्याशेजारी पायरीवर बसली, माझा हात हातात घेतला, आणि लहान पोराला समजवावं तसं मला समजवायला लागली.

"असं कसं करता येईल, दीक्षा? तिला न विचारता? तिच्या घरातली खाजगी गोष्ट हाय ती."

असं म्हणाली, आणि सहीचा कागद माझ्यापुढं तसाच धरून बसली.