मालकाची मगर

मी एक जुनी मगर आहे. मित्रांनो, हसू नका. मी पाण्यातली नाही, मिलानमधल्या एका राष्ट्रीय दैनिकाच्या कचेरीतली आहे. इटलीतल्या वर्तमानपत्रांत बड्या माणसाचा मृत्युलेख तो धडधाकट असतानाच लिहून ठेवतात, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. अशा लेखाला आमच्याकडे मगर म्हणतात. अश्रू आधीच गाळून ठेवलेले असतात ना!

माझा जन्म नीवेस त्राबुक्कीच्या टाइपरायटरवर झाला. नीवेस या दैनिकाची बातमीदार. युद्धानंतर छापखान्यातल्या कामगारांनी आणि शाळामास्तरांनी वर्गणी काढून हे दैनिक सुरू केलं होतं. सिसिलीपासून आल्प्सपर्यंत लोक सकाळच्या कॉफीबरोबर ते वाचत. तेव्हा ते कुणाचं मिंधं नव्हतं.

मी ज्याचा मृत्युलेख, तो ओत्तोरीनो ब्रुझाफेर्रो, रंगाचा कारखानदार. माझ्यात त्याची पदकं होती, दानधर्म होता आणि मधोमध एक परिच्छेद होता. कारखान्यातली भुकटी अंगात भिनून माणसं मरतात हे या गृहस्थाला ठाऊक होतं. त्याने मास्क आणलेही होते, पण ते कपाटात कुलूपबंद असत आणि रोमहून बडे पाहुणे आले की त्यांनाच मिळत. हे नीवेसला सांगितलं आर्जिया मोलिनेंगोने. तिचा नवरा देल्फीनो त्याच कारखान्यात खंगून मेला होता.

नीवेसने पुरावे जमवले, पण ब्रुझाफेर्रोच्या वकिलांनी दरवेळी बातमी दाबली. मेलेला माणूस खटला भरत नाही, म्हणून तिने ते सत्य माझ्यात ठेवलं. आर्जियाला म्हणाली, "तो मेला की दुसऱ्या दिवशी छापून येईल. माझा शब्द आहे."

"मग मी त्याच्याआधी मरत नाही," आर्जिया म्हणाली.

मगर लिहिली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं आमच्या कचेरीत चेष्टेने म्हणत. आग लागो त्या चेष्टेला! ब्रुझाफेर्रो जगत राहिला आणि त्याचे कामगार एकेक करून गेले. मी खणात पिवळी पडत होते. दैनिक तोट्यात गेलं, तेव्हा ते विकत कुणी घ्यावं? त्यानेच!

आल्या आल्या त्याने स्वतःची मगर मागवली. संपादक कास्तेल्मूरच्या खोलीत बसून त्याने मला वाचलं. मरणाचा विषय निघाला की आमच्याकडे अपशकुन टाळायला लोखंडाला हात लावतात, म्हणून त्याने एका हाताने खिशातली लोखंडी किल्ली घट्ट धरली होती. अपशकुनाला एवढा भिणारा माणूस भुकटीला कसा भ्यायला नाही, याचा मला आजही संताप येतो.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "पण हे मधलं काय? मेलेल्या माणसाचा थोडा तरी मान ठेवाल की नाही?"

"मालक, तुम्ही जिवंत आहात," नीवेस म्हणाली. "यात काही खोटं असेल तर आत्ताच सांगा."

"नीवेस, जिभेला काही हाड!" कास्तेल्मूर ओरडला आणि त्याने कात्री उचलली. "हे बघ, मिटलं. उगाच राईचा पर्वत करतेस."

नीवेसने कापलेला तुकडा उचलला. "मिटलं ना? मग आता तुमचं तुम्हीच रडा," म्हणाली आणि नोकरी सोडून चालती झाली. मी त्या तुकड्यात होते. उरलं ते माझं नव्हतंच.

तिने मला आर्जियाकडे दिलं. पुढे ब्रुझाफेर्रो मेला. पहिल्या पानावर काळी चौकट आली, 'कामगारांचा पिता' असा मथळा आला. निर्लज्ज! आर्जियाने ते पान वाचलं, कोट घातला, मला पर्समध्ये टाकलं आणि मिलानची गाडी पकडली.

दैनिकाच्या तळमजल्यावर एक खिडकी आहे. पैसे भरले की तिथे कुणाचीही शोकाची जाहिरात घेतात. संपादक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"मालकांसाठी?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "तुम्ही त्यांच्या कोण, सिन्योरा?"

"त्यांच्या कामगाराची बायको."

"बघा, किती माया लावली होती त्यांनी! सुरुवात नेहमीचीच ना? 'शोकात सहभागी'?"

"त्यापुढे 'नाही' लिही."

आर्जियाने मला खिडकीतून आत सरकवलं. मुलीने मला वाचलं, मग पुन्हा वाचलं. वर कुणाला तरी विचारावं म्हणून फोनकडे हात नेला, तो मागे घेतला.

"तुमचं नाव पूर्ण घालायचं?" तिने हळूच विचारलं.

"पूर्ण. आणि देल्फीनोचंही."

दुसऱ्या दिवशी बँकांच्या आणि मंत्र्यांच्या शोकसंदेशांखाली मी तीन वाक्यांत छापून आले: 'देल्फीनो मोलिनेंगोची पत्नी आर्जिया या शोकात सहभागी नाही. कारखान्यात मास्क होते. ते पाहुण्यांसाठी होते.'

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझं काम झालं, आता मला खुशाल शेगडीत घाला. पण तुमचं वर्तमानपत्र जपा. त्यातला मधला परिच्छेद गेलेला दिसला की गप्प बसू नका, भांडा. आपला नवरा कशाने मेला, ही बातमी आर्जियाला पदरचे पैसे भरून छापावी लागली.