गाळलेली जागा

इर्बिद शहरात निर्वासित बायकांच्या केंद्रातल्या इंग्रजीच्या वर्गात गुसूनचा गुण दर खेपेला एकाच ठिकाणी जायचा. ‘माय हजबंड कारपेंटर,’ असं ती लिहायची आणि इब्तिहाल बाई मधल्या जागेत लाल फुली मारायच्या.

इंग्रजी मोठी चौकस भाषा. अरबीत ‘माझा नवरा सुतार’ म्हटलं की भागतं. ‘होता’ असेल तर सांगावं लागतं. ‘आहे’ कुणी विचारत नाही.

“इज सगळ्याच जणी खातात,” बाई म्हणाल्या. “पण तू बहिणीच्या वाक्यात बरोबर घातलंस की! मग नवऱ्यावरच एवढा राग का गं?”

“भांडली असेल!” शेजारची उम्म करम खिदळली. “माझ्याला तर मी आत्ताच वॉज करून टाकीन, मिस.”

वर्ग हसला. गुसूनही हसली, नाइलाजाने. उद्या तोंडी परीक्षा होती. पास झाली तर दवाखान्याच्या खिडकीवर नोकरी, नाहीतर आहेतच लोकांचे जिने पुसायला.

वर्ग सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं. “इज नाहीतर वॉज. एक काहीतरी निवड.”

“कुठलं निवडू, मिस? सहा वर्षं झाली, सीमेपलीकडे आमच्या दरआच्या नाक्यावर सैनिकांनी गाडीतून उतरवून नेला त्याला. मेला म्हणावं तर कबर नाही, जिवंत म्हणावं तर एक फोन नाही. आमच्या भाषेत मला निवडावं लागत नव्हतं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “उद्या बहिणीचंच सांग,” त्या हळूच म्हणाल्या. “नवऱ्याचं नाव काढू नकोस.”

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घरच्यांबद्दल विचारलं. बहिणीचं वाक्य गुसूनच्या जिभेवर तयार होतं. पण तिला स्वतःचीच लाज वाटली. घरातून गेलेल्या माणसाला आता वाक्यातूनही हाकलायचं?

“माय हजबंड इज,” ती म्हणाली आणि थांबली.

परीक्षक पेन धरून वाट पाहत राहिले. “इज... काय? काय करतो तो?”

ते तिला कुठे ठाऊक होतं!

“इज,” ती पुन्हा म्हणाली. “बस, सर. एवढंच.”

‘वाक्य अपुरं’ असा शेरा मारून त्यांनी गुण कापला. गुसून काठावर पास झाली. जिना उतरताना ती स्वतःशीच पुन्हा एकदा ‘इज’ म्हणाली. नवरा आहे, हे सहा वर्षांत पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली होती.