शिस्टरची सुई

हिंगोलीकडच्या पुसेगावजवळच्या तांड्यावर रूपाबाई आरोग्य खात्याची आशाताई होती, आणि तांड्याचा नायक फुलसिंग तिचा सासरा. करोनाची लस आली तेव्हा पहिला मान दवाखान्यातल्या माणसांचा. कापायच्या आधी बकऱ्यालाही कुंकू लावतात, असं तांडा म्हणाला. रूपाबाईनं मुकाट्यानं दंड पुढे केला आणि पुढं दोन दिवस गोधडीत कुडकुडली.

उपकेंद्रातल्या मिना सिस्टरनं मात्र सुईचं टोपण न काढताच लस घेतल्याचा फोटो काढून घेतला. लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, आणि लसीनं कूस कायमची मिटते असं मोबाइलनं तिच्या डोक्यात भरवलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांना टोचणारी बाई! फोटोसाठी तिची बाही वर धरायला रूपाबाईच होती. अडीनडीला धावून येणाऱ्या बाईला उघडं कसं पाडायचं, म्हणून ती गप्प बसली.

दुसऱ्याच दिवशी सिस्टर टवटवीत चेहऱ्यानं स्कुटीवरून तांड्यावर हजर. फुलसिंगच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दम्यानं म्हाताऱ्याच्या छातीचा भाता झाला होता. त्याच्यासाठी रूपाबाईचा जीव टांगणीला लागलेला. शिवाय नायकानं घेतली की सारा तांडा घेणार, हे ठरलेलं.

"घेतो की," फुलसिंग म्हणाला. "पण शिस्टरनं घेतली ती सुई पायजे. तुला ताप आला, तिला काहून न्हाई? त्यांची येगळी असती."

"एकच असती, बाबा."

"मंग तिला ताप आलेला दाखव."

रूपाबाई तडक उपकेंद्रात गेली. "ताई, तांड्याम्होरं एकडाव खरी घ्या. माझा सासरा वाचंल."

"माझी लस झाली म्हणून वर कळवून झालंय, रूपा. आता खोटं होतं म्हणू? नोकरी जाईल माझी."

शेवटी रूपाबाईनं घरी खरं सांगून टाकलं. म्हातारा हसला. "शिस्टरच भिऊन राहिली, आन मला टोचून घे म्हणतीस व्हय?" झालं. तो विषयच संपला.

उन्हाळ्यात करोना तांड्यात शिरला. फुलसिंगला हिंगोलीला नेत होते, वाटेतच त्याचा श्वास संपला.

दुखवट्याला मिना सिस्टर आली. डोळे लाल, अंगात कणकण. काल खरीखुरी लस घेतली, आधीचा फोटो खोटा होता, हे तिनं रडत रडत सगळ्यांपुढं सांगितलं. शेजारच्या अनुसयाबाईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बघा गं, शिस्टरबी तापानं पडली. आता तर न्हाईच घ्यायची."

बायांनी माना डोलावल्या. रूपाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सिस्टरसमोर जाऊन बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, "ताई, हाच ताप तवा आला असता, तर बाबांनी सुई घेतली असती."

सिस्टरला घोटभर पाणी द्यावं, असं रूपाबाईला वाटलं नाही.