दोन शेगड्या, डबा एक

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. कुठे काही अडलं, बंद पडलं, की खांदे उडवून म्हणतो, "आई, धोरण बदललं." सरकारी मदत कचेरीत खुर्ची उबवून उबवून जीभच तशी वळलीय त्याची. परवा जेवायला बसलो आणि हा म्हणतो, "मोठ्या आईची मदत पुढच्या महिन्यापासून बंद. धोरण बदललं." आणि लगेच, "जरा भाजी वाढ."

मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ. दीर लाकडाच्या वखारीत ओंडक्याखाली गेले तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मी या घरात नवी नवरी होते. सासूबाई जाऊबाईंना 'धोरणी' म्हणायच्या. आज उरलेलं उद्या कुणाच्या पानात पडणार हे जाऊबाईंनी आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. धोरण म्हणजे पुढचं बघणं, एवढं मला फारशी शाळा न शिकता कळलं. सरकारचं धोरण मात्र उभ्या जन्मात मी पुढे बघताना पाहिलं नाही. ते सारखं मान मोडून मागे बघतं, कुणी फुकट तर खात नाही ना!

दीर गेले तेव्हा कचेरीच्या मागच्या बाजूला मोठं पातेलं चढलेलं असायचं. पळीवाली बाई तोंडाकडे बघायची, "भूक आहे ना?" एवढंच विचारायची आणि वाढायची. मग नवे लोक निवडून आले. फुकटच्या खाण्यानं माणसं आळशी होतात, असं त्यांना वाटलं. पातेलं गेलं, कूपनं आली, तीही फक्त विधवांना. नवरा अजून मेलेलाच आहे, हे जाऊबाईंनी दरवर्षी जाऊन सांगायचं. एकदा वैतागून कारकुनाला म्हणाल्या, "उठून आला, तर आधी तुमच्याकडेच पाठवीन." पुढे कूपनं गेली, पोस्टमन पैसे आणू लागला. तो बंद झाला, बँक आली. मुलगा आहे का, भाऊ आहे का, छप्पर कुणाचं, विचारायचं वाढतच गेलं. भूक मात्र परत कुणी विचारली नाही. आणि नावं तरी किती! आधी नुसती मदत होती, मग अनुदान झालं, आता म्हणे 'सन्मान निधी'. नाव नटत गेलं तशी रांग लांबत गेली.

तर आता नवं काय? एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, आणि त्यात एक जरी पगारदार असला तर म्हातारीला छदाम नाही. आमच्यात पगारदार कोण? हाच, माझा दिवटा!

पैसे थोडकेच, पण जाऊबाईंचे स्वतःचे. गुडघ्याचं मलम म्हणा, चष्म्याची काडी म्हणा, नातीला रंगपेटी म्हणा, कुणापुढे हात पसरायला नको. हात पसरणं त्यांना जमत नाही. मला बरं कळतं ते, मलाही जमत नाही.

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मग मी त्या लाँड्रीवरची खोली घेते. माझी चूल वेगळी झाली की देतील ना?"

"या गुडघ्यांनी? जिना चढाल?"

"बसत बसत चढेन."

बोलल्या की करतात, ते मी ओळखून आहे. माझ्या घरात कधी वेगळी चूल मांडली गेली नाही, हे मी गल्लीत चारचौघींना ऐकवत आलेय.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं एक शेगडी आणली, मागच्या खोलीत मांडली, दोन भांडी ठेवली. "तपासणीला बाई येतील. मोठ्या आईनं म्हणायचं, मी इथंच करून खाते."

"कचेरीत धोरण आणि घरात सोंग?"

"आई, सगळेच करतात गं."

"मग तुमचं धोरण पाळतं कोण?"

"तू ना, विषय वाढवतेस," म्हणून हा आंघोळीला गेला.

तपासणीवाली बाई आली. दमलेली, चपलेचा अंगठा तुटलेला. मागच्या खोलीत बसली. जाऊबाई पढवल्यासारखं बोलल्या, "माझं मी करते, माझं मी खाते." इथवर झकास होतं. पण समोर दमलेलं माणूस बसलंय आणि चहा विचारायचा नाही? त्या उठल्या, नवी शेगडी पेटवली, आधण ठेवलं आणि सवयीनं हाक मारली, "अगं, साखरेचा डबा कुठे ठेवलास?"

आणि मी शहाणी, स्वयंपाकघरातून ओरडले, "रोजच्याच जागी! आणि दूध आपल्या शेगडीवर तापलंय, थांबा, आणते!"

दूध घेऊन गेले. बाईनं डोळे पुसले. हसत होती. "आजी, शेगड्या दोन दिसल्या, पण डबा एकच आहे."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. मीच मग विचारलं, "या चुलीवर पगारदार जेवत नसता तर?"

"तर तुम्ही दोघी एक कुटुंब. यांचं चालू राहील, तुम्हालाही मिळेल."

"मला नको. हे गेल्यापासून मी शिलाईवर भागवते. यांचं तेवढं ठेवा. आणि एका छपराखाली दोन चुली चालतात?"

"खऱ्या असल्या तर चालतात. पुढच्या आठवड्यात परत येईन." चहा संपवून ती गेली.

दुपारपर्यंत मी त्या शेगडीकडे बघत बसले. लोक काय म्हणतील ते म्हणोत. कुणाला तरी या चुलीवरून उठायचंच असेल, तर ती गुडघे धरून जिना चढणारी नको.

संध्याकाळी थोरला आला, हातपाय धुतले, पाटावर बसला. समोर ताट नाही. सूनबाई दाराशी उभी. तिला मी दुपारीच सांगितलं होतं. घटकाभर तोंड पाडून बसली, पण मग तिचे डोळे मागच्या खोलीत फळ्यांचं माप घेऊ लागले. तीही धोरणीच.

"आई, वाढतेस ना?"

"नाही."

"का? काय झालं?"

"धोरण बदललं, बाळा. आजपासून तुझी चूल वेगळी. शेगडी तू आणलीसच आहेस, सूनबाईनं फळ्या पुसून ठेवल्यात. साखरेचा डबा मात्र तुझा तू विकत आण. नवा आण, दिसेलसा ठेव. आणि उद्या कचेरीत गेलास की साहेबाला सांग, इतकी वर्षं कुणाला जमलं नाही ते त्यांच्या धोरणानं करून दाखवलं. माझं घर फोडलं. ऊठ आता, या पाटावर मोठ्या आईला बसायचंय."