लांडग्यांची चाळण

लांडगा हा घाटावरचा प्राणी आहे, तो खाली कोकणात राहत नाही, असे मी कल्याणच्या माझ्या दवाखान्यात विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांनाही सांगत असे. सन १८८४ च्या हिवाळ्यात दोन लांडगे मलंगगडाच्या वाटेवरच्या एका जुन्या खाणीत राहायला आले आणि मला माझे विधान मागे घ्यावे लागले.

लोहमार्गासाठी त्या खाणीतून खडी गेली आणि खड्डा उरला, म्हणून शेजारच्या वस्तीला खडीचा पाडा म्हणत. लांडगे बहुधा धनगरांच्या मेंढ्यांमागून माळशेजचा घाट उतरले असावेत. मेंढ्या पुढे गेल्या, हे राहिले. का राहिले ते प्रथम कळले नाही. पुढे तीन पिल्ले दिसू लागली, तेव्हा एक कारण तरी हाती आले.

रविवारी सकाळी मी खाणीसमोरच्या मोहाच्या झाडावर दुर्बीण घेऊन बसत असे. बाप रिकाम्या तोंडाने आणि भरल्या पोटाने परते, पिल्ले त्याचे तोंड चाटत, आणि तो पोटातली शिदोरी त्यांच्यापुढे ओकून टाकी. हे मी घरी जेवताना सांगितले. त्यानंतर माझे पान वेगळे वाढले जाऊ लागले.

याच सुमारास पाड्यातल्या भिवा पाटलाची शेळी नाहीशी झाली. बातमी ठाण्याला माझे मेहुणे त्र्यंबकराव वकील यांच्या कानी गेली. त्यांच्याकडे नवी दुनळी बंदूक होती आणि कचेरीतल्या खुर्चीखाली कातड्यापुरती जागा रिकामी होती. लांडग्यांवर नजर ठेवण्यासाठी त्यांनी काळुराम नावाचा एक वाटाड्या पाड्यात आणून ठेवला. काळुराम आल्यापासून शेळ्या अधिकच झपाट्याने जाऊ लागल्या. लांडगे चेकाळले, असा त्याने त्याचा अर्थ लावला. पाहता पाहता आणखी चार गेल्या, आणि सोमवारी हाका घालून, म्हणजे ढोल बडवून जनावरे बाहेर काढून, खाणीतले सारे बिऱ्हाड पिल्लांसह निकालात काढायचे ठरले.

शनिवारी त्र्यंबकराव बंदुकीसह आमच्याकडे उतरले.

"हरिहरपंत, उद्याच काय ते डोळे भरून पाहून घ्या," ते म्हणाले. "परवापासून दर्शन माझ्या कचेरीत."

"शेळ्या लांडग्यांनीच नेल्या याला पुरावा काय?"

"अहो, लांडगा आहे आणि शेळी नाही. आणखी काय हवे?"

"या न्यायाने शेळ्या तुम्हीही नेल्या असतील. तुम्हीही आहातच."

आतून माझी पत्नी गोदा हसली. मग तिने विचारले, "अहो, पिठाची चाळण दिसत नाही कुठे?"

"लांडग्यांसाठी घेतली आहे," मी म्हणालो.

जनावर काय खाते हे त्याच्या विष्ठेवरून समजते. केस आणि दात पचत नाहीत, आणि पाण्याखाली चाळणीत धुतले की ते वेगळे होतात. हे मी समजावून सांगितले. गोदेने शांतपणे ऐकून घेतले.

"घेतलीत ती घेतलीत," ती म्हणाली. "आता ती या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. तुम्हीसुद्धा विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय नाही."

"गोदे, तू यांना आवरत का नाहीस?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"दादा, हे प्रेते फाडून डॉक्टर झाले. त्या मानाने हे सोवळेच म्हणायचे."

रविवारी पाडा ओढ्यावर जमला, त्र्यंबकराव आणि काळुरामही आले. लांडग्यांच्या नेहमीच्या पायवाटेवरून शेळ्या जाऊ लागल्यापासून गोळा केलेला माल मी एका मडक्यात आणला होता. पाणवठ्याच्या बऱ्याच खाली, सर्वांसमोर, मी माझी अट सांगितली. चाळणीत तुमच्या गेलेल्या शेळ्यांचा केस निघाला तर उद्याच्या हाक्यात सर्वांत पुढे ढोल वाजवीत मी चालेन. नाही निघाला तर हाका रद्द. भिवाने मान डोलावली.

त्याची बायको सगुणा नाकाला पदर लावून पुढेच उभी होती. "एवढं शिकून शेवटी इथवर पोचलाव का, डागतर?"

"अजून पुढे जायचे आहे, सगुणाबाई. पाणी ओता."

ती ओतू लागली. पहिल्याच चाळणीत राठ, जाड केस आले. मी एक उन्हात धरला. त्याचे टोक फाटून दोन झाले होते. "रानडुकराचा," मी म्हणालो. पुढे उंदरांचे दात निघाले, सशाची लव, भुंग्यांचे पंख आणि बोरांच्या बिया.

"बोरं खातान?" कोणीतरी विचारले.

"खातात. आंबट असली तरी."

पुन्हा डुकराचे केस आले. सगुणा ओतता ओतता थांबली. "म्हंजी डुकरांची पोरं हे खातान?"

"खातात, असे दिसते."

ती वळून खाणीखालच्या आपल्या वालाच्या शेताकडे बघू लागली. दरवर्षी डुकरे ते नांगरून टाकीत. यंदा वाल शेंगांनी वाकला होता.

मडक्याच्या तळाशी जरासे उरले होते. ते धुतले, आणि जाळीवर एक काळा पुंजका राहिला. तो कशाचा होता हे मला तत्काळ कळले. ओढ्याला पाणी वाहते होते आणि माझा अंगठा त्या पुंजक्यापेक्षा मोठा होता. दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानात आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"शेळीचा केस," मी म्हणालो.

"सापडला!" त्र्यंबकराव ओरडले. "पंत, ढोल गळ्यात अडकवा!"

खाणीत त्या वेळी पिल्ले बहुधा उन्हात लोळत असतील. मी चाळण खाली ठेवली.

"अट तुमच्या गेलेल्या शेळ्यांची आहे. काळी शेळी कोणाची गेली?"

नंतर गेलेल्या चार शेळ्यांपैकी दोन तांबड्या, एक पांढरी आणि एक ठिपक्याची होती, यावर सर्वांचे एकमत झाले. मग सगळे भिवाकडे बघू लागले, कारण पहिली गेलेली त्याचीच होती, आणि ती काळी होती.

"माझी काळी लांडग्यानंच नेली," भिवा म्हणाला.

मारलेल्या शेळीचा केस आणि आधीच मेलेल्या शेळीचा केस चाळणीत सारखाच दिसतो, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. विज्ञान येथे संपत होते.

"नेली म्हणं!" सगुणा एकदम कडाडली. "खोकून खोकून मेली ती गोठ्यात! आन् तुमी तिला तंगड्या धरून खाणीत नाय टाकली? मी काय आंधळी हाय?"

"अगं पन लोकांसमोर..."

"लोकांसमोरच! डागतरनी चाळनीत गवसलं ते लपवलं नाय, आन् तुमी पाटील असून लपवताव? माझा वाल यंदा कुनी राखला? तुमच्या बंदुकवाल्यानं?"

भिवा खाली बघू लागला. लोक हसले.

"मंग बाकीच्या चार कुठं गेल्या?" मागून एक म्हातारा म्हणाला. "डागतर, ही चाळन जरा काळुरामाच्या चुलीमागं फिरवा."

"माझ्या?" काळुराम मागे सरकला. "मी कसा खाईन? माझं पोटच धड नाय! विचारा डागतरला!"

सगळी तोंडे माझ्याकडे वळली. काळुराम त्या महिन्यात दवाखान्यात वारंवार आला होता, अजीर्णासाठी, आणि काय खाल्ले होते तेही त्याने सांगितले होते. परंतु रुग्णाचे दुखणे चारचौघांत सांगायचे नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. म्हणून मी गप्प बसलो. मी जितका जास्त गप्प बसलो तितके लोकांना जास्त समजत गेले, आणि याला माझा इलाज नव्हता. अखेर काळुरामला ठाण्याला तातडीचे काम आठवले आणि तो कल्याण स्टेशनाच्या दिशेने चालता झाला. स्टेशन दोन कोस होते, पण त्याने बैलगाडीचीही वाट पाहिली नाही.

भिवाने घसा खाकरला. "हाका रद्द. वाल निघेपरयंत तरी."

"डुकरं हायेत तवर," सगुणा म्हणाली, आणि ठराव दुरुस्त झाला.

त्या गडबडीत चाळण ओढ्यावरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, बंदुकीला काम उरले नाही म्हणून, त्र्यंबकराव माझ्याबरोबर मोहाच्या झाडावर आले. अर्धा वेळ ते फांदीबद्दल तक्रार करीत होते. मग त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्यांचे बोलणे थांबले, जे मी कोर्टातही कधी पाहिले नव्हते.

"पंत," ते कुजबुजले, "ती गोदेची चाळण आहे का?"

होती. लाकडी कडे एका पिल्लाच्या दातांत होते, दुसरे विरुद्ध बाजूने ओढत होते, आणि तिसरे मध्ये बसून जाळी फाडीत होते. आई शेजारी पंजांवर हनुवटी टेकून पाहत होती. चाळणीला त्यांच्याच घरचा वास लागला होता, यापलीकडे मी काही निष्कर्ष काढला नाही. त्र्यंबकराव मात्र हसत होते, आणि दुर्बीण परत देत नव्हते.

दुपारी त्यांनी हे सारे गोदेला सांगितले. कातड्याचा विषय त्यांनी काढला नाही.

"मग दादा, पुढच्या खेपेला ठाण्याहून चाळण तूच आण," गोदा म्हणाली. "दोन आण. एक पिठाला. आणि दुसरी जरा मजबूत बघ."